गावातलं ग्राहक सेवा केंद्र : दीड हजार हातात येईपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बस थांब्याला लागून एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच दुकानात एका राष्ट्रीयीकृत बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालतं. "अंगठा लावून येतो" म्हणून बाया घरून निघतात, त्या इथंच येतात. एक भाऊ आणि त्याची बायको मिळून ते चालवतात. लाडकी बहीण, संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, पीएम किसान, नमो शेतकरी, रेशनच्या धान्याऐवजी येणारी रक्कम, हा सगळा पैसा सरकारकडून थेट खात्यात येतो हे खरं. पण खात्यातून हातात येतो तो इथून. मी उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांची सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) आहे, गटांच्या वह्या लिहिते. पैसा आला की कुठं गेला हे मला वहीत दिसतं, आणि उशिरा आला की काय झालं तेही वहीतच दिसतं.

या केंद्राला मी पाचपैकी चार गुण देईन. एक का कापला ते पुढं सांगते. ज्या पैशासाठी हे केंद्र आहे, तो पैसा ज्या पद्धतीनं येतो तिला मात्र दोनच्या वर देता येत नाही. पैसा थोडा आहे ही माझी तक्रार नाही. तो कधी येईल हे कोणालाच माहीत नसतं, ही आहे.

आधी केंद्राचं सांगते. ते नव्हतं तेव्हा पैसे काढायला तालुक्याच्या शाखेत जावं लागे. सकाळची गाडी, मग रांग, आणि दुपारी सर्व्हर बंद आहे हे ऐकून परत. एसटीत बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, त्यानं भाड्याचं ओझं कमी झालं, पण मजुरी तर बुडतच होती. निंदणाच्या दिवसांत एक दिवस गेला म्हणजे अडीचशे-तीनशे गेले. दीड हजार आणायला जायचं आणि त्यातले तीनशे न कमावताच परत यायचं. आता तीच बाई वावरात जायच्या आधी आठ वाजता दुकानापुढं उभी राहते, आणि आठ वाजता शटर उघडलेलं असतं. पाऊस असो की लग्नसराई. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी हे केंद्र कोणालाही सांगेन.

दुसरी गोष्ट बोटांची. ज्यांनी कापूस वेचला नाही त्यांना हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. फुटलेल्या बोंडाची सुकलेली टोकं बोचरी असतात. दिवाळीच्या आसपास वेचणी लागते ती संक्रांत ओलांडते, आणि किलोमागे दहा-बारा रुपये मिळतात म्हणून बाया हात थांबवत नाहीत. तोवर बोटांवर इतके ओरखडे होतात की मशीनला रेषाच सापडत नाहीत. एका शाखेत अशा बाईला "आधार अपडेट करून या" एवढंच सांगून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. आधार अपडेट करायला पुन्हा तालुका, पुन्हा एक दिवस, आणि बोटं तर तीच. आमच्या केंद्रात भाऊ टेबलावर ओलं फडकं ठेवतो. बोट पुसून घेतो, अंगठा जुळला नाही तर मधलं बोट, ते नाही तर करंगळी. तरीही नाही जमलं तर थोडं खोबरेल चोळायला देतो आणि बाकावर बसवतो. मागची रांग कुरकुरते, पण तो माणसाला परत पाठवत नाही. एक म्हातारी माय त्याला म्हणाली होती, "बापा, माह्या हातानं तुह्या मशीनचं काय बिघडवलं व?" त्यानं तिला पाणी दिलं, स्वतः तिचा हात धरून पाचही बोटं लावून पाहिली, आणि पाचव्या बोटाला पैसे निघाले.

त्याच्या बायकोचं वेगळं सांगायलाच पाहिजे. दुपारी ती एकटी असते. खात्यात किती आहेत ते ती मोठ्यानं बोलत नाही, कागदाच्या चिठ्ठीवर लिहून बाईपुढं सरकवते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना जवळ बोलावून सांगते. एखादीचा नवरा येऊन "तिचे पडले का?" विचारतो, तर तिचं उत्तर एकच, "खातेदाराला घेऊन या, भाऊजी." गावात हे बोलायला धीर लागतो. बाईच्या नावानं आलेला पैसा बाईचाच राहतो की नाही, हे बरंचसं इथल्या टेबलावर ठरतं.

आता पैसा जातो कुठं. मला शहरातली नातेवाईक मंडळी हे दर भेटीला विचारतात, आणि विचारण्यातच त्यांनी उत्तर ठरवलेलं असतं, की दारूत. लाडकी बहीणचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा. जुलै-ऑगस्टचे मिळून पहिले ३,००० राखीपौर्णिमेच्या आधी पडायला लागले. त्या आठवड्यात आमच्या गावात सर्वांत आधी फिटली ती किराण्याची उधारी. ऑगस्ट म्हणजे आमच्याकडं घरात काहीच नसण्याचा महिना. सोयाबीन शेंगेत असतं, कापूस फुलावर असतो, खताचे आणि फवारणीचे पैसे गेलेले असतात, निंदण संपत आलेलं असतं. त्या महिन्यात उधारी फिटली म्हणजे पोळ्याला बैल सजवायला आणि पुरणाला गूळ आणायला दुकानदार पुन्हा वही उघडतो.

उधारीनंतर मात्र प्रत्येक घराची वाट वेगळी झाली. आमच्या गटातली एक भूमिहीन वहिनी आहे. तिनं चार महिन्यांचे पैसे खात्यातच राहू दिले, उरलेले गटातून कर्ज घेतले आणि एक पाठ, म्हणजे तरुण शेळी, आणली. पुढच्या वर्षी त्या शेळीचा बोकड विकून तिनं पोराची आयटीआयची फी भरली. दुसरी एक काकू. तिच्या घरी उज्ज्वलाचं सिलिंडर होतं, पण भरून आणायला पैसे नसायचे, त्यामुळे पावसाळाभर कापसाच्या ओल्या पऱ्हाट्यांचा धूर आणि तिचा खोकला. आता निदान पावसाळ्यात ती सिलिंडर भरते. तिसऱ्या घरी सासूला चष्मा आला. ती म्हातारी कितीतरी वर्षं तांदूळ निवडायला नातीला बसवत होती, आता नात अभ्यासाला बसते. एकीनं पहिल्याच हप्त्यातून स्वतःसाठी चप्पल घेतली. लग्नानंतर तिनं स्वतःच्या पसंतीनं घेतलेली ती पहिली चप्पल. मी तिला म्हटलं, बरं केलंस. हा खर्च मी कमी महत्त्वाचा मानत नाही. जिच्या मजुरीवर घर चाललं तिच्या पायात काही असावं, यात उधळपट्टी कसली?

गटाच्या वहीत एक बदल मला मनापासून आवडला. आमची महिन्याची बचत माणशी १०० होती. लाडकी बहीण सुरू झाल्यावर बायांनी बैठकीत आपणहून ती २०० केली. कोणी सांगितलं नव्हतं. कारण साधं आहे. गटाचं कर्ज शेकडा दोन रुपये महिन्यानं मिळतं आणि गावातल्या खासगी सावकाराचं शेकडा पाचनं. गटात जेवढे पैसे जास्त, तेवढ्या बाया सावकाराच्या दारातून सुटतात.

दारूचंही लपवत नाही. आमच्या गावात दोन घरं अशी आहेत जिथं नवऱ्यानं मारझोड करून पैसे नेले. त्यातल्या एका घरी सासू सुनेच्या बाजूनं उभी राहिली आणि सुनेचं पासबुक स्वतःच्या पेटीत ठेवायला लागली. दोन घरं आहेत, म्हणून दोनच सांगते. सगळं गाव दारूत पैसे घालतं असं कोणी म्हटलं तर मी वही उघडून दाखवीन. मध्य प्रदेशात २०११ मध्ये स्वयंरोजगारी बायांच्या 'सेवा' या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत असाच प्रयोग केला होता. कोणतीही अट न घालता मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलाला १०० रुपये, पुढं ते ३०० आणि १५० केले. तिथं लोकांनी खाण्यावर, शाळेवर, जनावरांवर आणि कर्ज कमी करण्यावर पैसे लावले, दारू वाढली नाही. आमच्या गावात मी जे पाहते ते यापेक्षा वेगळं नाही.

आता तारखेचं, ज्यासाठी मी दोनच गुण दिले. आमच्या बऱ्याच बायांवर मायक्रोफायनान्सचं कर्ज आहे. त्यांचा वसुलीवाला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येतो, त्याची तारीख कधी चुकत नाही. लाडकी बहीणचा हप्ता कधी महिन्याच्या सुरुवातीला, कधी शेवटी, कधी महिना उलटल्यावर, तर कधी दोन महिन्यांचे एकदम येतात. २०२४ च्या दिवाळीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे एकत्र आले, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, आणि नोव्हेंबरात हात रिकामा राहिला. मधल्या दिवसांत बाई काय करते? सावकाराकडून हजार रुपये घेते. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पन्नास. दीड हजारांतले पन्नास फक्त वाट पाहण्याचे गेले. असे दर दोन-तीन महिन्यांनी. "ताई, येतील त येऊ दे, पण सांगून येऊ दे," असं एक वहिनी बैठकीत बोलली, तेव्हा सगळ्या बायांनी माना हलवल्या. दर महिन्याच्या पाच तारखेला येणारे बाराशे मी न कळवता येणाऱ्या पंधराशेंपेक्षा जास्त मोलाचे मानते, आणि हे मी विचार करून लिहिते आहे.

शेतीच्या पैशात तर हे आणखी उघड दिसतं. पीएम किसानचे वर्षाला ६,००० तीन हप्त्यांत, आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच. आमच्या यवतमाळच्याच सभेतून २८ फेब्रुवारी २०२४ ला पीएम किसानचा १६ वा हप्ता सुटला, सोबत नमोचा दुसरा आणि तिसरा. एकाच वेळी ६,००० पडले आणि त्या दिवसांत केंद्रापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मोठी रक्कम होती, पण फेब्रुवारीत शेतकऱ्याला पेरणी नसते. बऱ्याच घरी ती लग्नकार्यात आणि जुन्या देण्यात गेली. बियाण्यासाठी पैसा लागतो जूनमध्ये. २०२४ मध्ये पुढचा हप्ता १८ जूनला आला, तेव्हा बीटी कपाशीची थैली ८६४ रुपयांना होती. दोन हजारांत दोन थैल्या, म्हणजे अंदाजे एकरभराचं बियाणं, आणि वर युरियाची एक गोणी. तो हप्ता खरा कामी आला, मी माझ्या डोळ्यांनी माणसं केंद्रातून सरळ कृषी केंद्रात जाताना पाहिली. २०२५ मध्ये थैली ९०१ ची झाली आणि हप्ता आला २ ऑगस्टला. तोवर आमच्याकडं दुसरं डवरण, म्हणजे उभ्या पिकातली कोळपणी, झालं होतं. बियाणं सगळ्यांनी उधारीवर घेतलं, आणि उधारीच्या बियाण्याला नगदीचा भाव नसतो. पैसे तेवढेच होते, योजनाही तीच होती, फक्त दीड महिन्याचा फरक.

आणि जो माणूस दुसऱ्याचं वावर मक्त्यानं करतो त्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. सातबारा मालकाचा, मालक नागपुरात, हप्ता त्याच्या खात्यात. घाम गाळणाऱ्याला पीएम किसान नाही. त्याच्या घरी जो काही सरकारी पैसा येतो तो बायकोच्या दीड हजाराचा. म्हणून मला वाटतं, आमच्याकडच्या भूमिहीन आणि मक्तेदार घरांना लाडकी बहीणनं पहिल्यांदाच हिशोबात घेतलं.

एका नियमाचं मात्र फार वाईट वाटतं. ज्या बाईला पीएम किसान आणि नमोचे मिळून महिन्याला हजार पडतात, तिला लाडकी बहीणचे फक्त ५०० मिळतात. कागदावर हा हिशोब बरोबर आहे. पण आम्ही गटांतून बायांना सांगत आलो, वावर स्वतःच्या नावावर करून घ्या. ज्यांनी ते केलं त्यांना आता शेजारणीपेक्षा हजार कमी. नवऱ्याच्या नावावर वावर असलेली बाई पूर्ण दीड हजार घेते आणि घरात शेतीचा हप्ता वेगळा येतो. मी याचं उत्तर बायांना देऊ शकत नाही.

रेशनच्या रकमेबद्दल थोडक्यात. मराठवाड्यातले आठ जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना दोन-तीन रुपये किलोनं मिळणारं धान्य बंद झालं आणि २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये आले, पुढं १७०. गहू रेशन दुकानात मिळायचा तेव्हा तो घरात यायचा आणि खाल्ला जायचा. रक्कम कधी पडली हेच बहुतेकांना कळत नाही, कारण ती अनेक महिन्यांची साचून येते. इथं मी रोख पैशाच्या बाजूनं नाही. बाजारात गव्हाचा भाव वाढला तर ते १७० वाढत नाहीत.

२०२५ च्या सप्टेंबरपासून लाडकी बहीणचं ई-केवायसी आलं. बाईसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागायला लागलं. ज्यांचा नवरा आणि वडील दोघंही नाहीत अशा बाया आमच्या गावात कितीतरी आहेत, हा शेतकरी आत्महत्यांचा यवतमाळ जिल्हा आहे ते आठवा. त्या बायांसाठी भाऊनं आणि वहिनीनं जे केलं ते मी विसरणार नाही. संकेतस्थळ रात्री उघडायचं म्हणून ते दोघं रात्री दुकान उघडं ठेवत, बायांना आळीपाळीनं बोलावत. ज्यांचं ऑनलाइन होत नव्हतं त्यांचे मृत्यूचे दाखले गोळा करून अंगणवाडीच्या ताईंकडं पोहोचवत. याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

मग एक गुण का कापला? पैसे काढण्याच्या व्यवहारामागे इथं दहा रुपये घेतले जातात आणि ते पावतीवर नसतात. खातेदाराकडून असे पैसे घ्यायचे नसतात, केंद्राला बँकेकडून कमिशन मिळतं. मी भाऊशी बोलले. त्याचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. दीड हजारांच्या व्यवहारावर कमिशन काही रुपयांचं, त्यात विजेचं बिल, इंटरनेट, आणि रोकड तालुक्याहून मोटरसायकलवर स्वतःच्या जिवावर आणायची. हे सगळं खरं आहे. तरी बाईच्या हातातून दहा रुपये जाऊ नयेत, बँकेनं त्याचं कमिशन वाढवावं. शिवाय हप्ता पडल्याच्या दिवशी दुपारी बारापर्यंत रोकड संपते. मग मागच्या बायांना "उद्या या" ऐकावं लागतं, आणि उद्या म्हणजे पुन्हा अर्धा दिवस. हप्त्याची तारीख त्याला आधी कळली असती तर त्यानं रोकड आणून ठेवली असती. तिथंही शेवटी तारीखच नडते.

जे आपल्या माय-मावशीला अशा केंद्रात नेतात त्यांच्यासाठी काही गोष्टी. पैसे पडले नाहीत असं वाटलं तर आधी आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर बघा. पैसा शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, पासबुक ज्या खात्याचं घरात आहे त्यातच जाईल असं नाही. आमच्या एका काकूचे पाच महिन्यांचे पैसे तिनं कधीतरी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात सुखरूप पडून होते. खात्यातून कटले आणि हातात आले नाहीत, असं झालं तर ती पावती फाडू नका. पाच दिवसांत ते परत जमा व्हायला पाहिजेत, नंतरच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये बँकेनं द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तो शाखेत जाऊन बोलून दाखवावा लागतो. प्रत्येक वेळी अंगठा लावल्यावर पावती मागा, व्यवहार झाला नाही तरी मागा. दारावर मशीन घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसापुढं अंगठा लावूच नका.

केंद्र रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सात. आठवडी बाजाराच्या दिवशी फार गर्दी असते, तो वार टाळा. म्हाताऱ्या माणसाला दुपारी तीननंतर न्या, तेव्हा वहिनी असते आणि तिच्याकडं वेळ असतो. येताना आधार कार्ड, पासबुक आणि चालू असलेला मोबाईल नंबर सोबत ठेवा.